बुंधा वर, शेंडा खाली

लंडनच्या हीथ्रो विमानतळाला लागूनच उत्तरेला हार्मंड्सवर्थ नावाचं गाव आहे. तिथलं धान्याचं कोठार विंचेस्टर कॉलेज या शाळेने आपल्या शेतीसाठी १४२६-२७च्या सुमारास बांधलं. लांबी ५८ मीटर, खण १२, आणि सांगाड्यातलं बहुतेक ओकचं लाकूड अजून मूळचंच. झाडं १४२४ ते १४२६च्या दरम्यान तोडली, हे लाकडातल्या वार्षिक वलयांवरून कळलं.

भिंती फळ्यांच्या, नुसता आडोसा. छपराचा भार पेलतात आत दोन ओळींत उभे असलेले खांब. खांबांच्या बाहेर दोन्ही बाजूंना पडवीसारखी जागा सुटते, त्यामुळे इमारत रुंद होते आणि तुळया मात्र बेताच्या लांबीच्या पुरतात.

इंग्लंडमधल्या अशा कोठारांत खांब पुष्कळदा उलटे असतात. बुंधा वर, शेंडा खाली. कारण खांबाच्या माथ्यावर आडवी तुळई आणि कोठाराच्या लांबीने जाणारी तुळई, दोन्ही येऊन मिळतात. दोघींसाठी वेगवेगळ्या उंचीवर कूस, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी जीभ, काढायची तर माथा जाड हवा, आणि जाडी असते बुंध्याकडे. झाड उलटं केलं की ओल वर चढत नाही, असंही सांगतात. ते काही पटत नाही. तोडलेल्या लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांतून पाणी दोन्ही दिशांनी चढतं. ओल थोपवतो तो खांबाखालचा दगड.

लाकूड ओलंच वापरत. सुकलेला ओक इतका कठीण होतो की हत्यार चालवणं जड जातं. पण ओलं लाकूड सुकताना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. मग सांधे ढिले पडायचे. त्यावर तोड अशी: कुशीतलं भोक खाचेच्या लाकडातल्या भोकाच्या अगदी रेषेत न पाडता, किंचित खांद्याकडे, म्हणजे कुशीच्या मुळाकडे, सरकवून पाडायचं. दोन्ही भोकांतून लाकडी खुंटी ठोकली की ती वाकत आत शिरते आणि कुशीला ओढून धरते. लोखंडी खिळा इथे कामाचा नाही, ओकमधल्या टॅनिन या तुरट आम्लामुळे तो गंजतो.

सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन आकडे कोरायचे, सोडवायचा आणि मग जागेवर उभा करायचा. या कोठारांचे उंच दरवाजे भरल्या गाडीसाठी असत. मळणी त्यांच्या आतल्या खणातच चाले. समोरासमोर दारं असली की ती उघडून वाऱ्यावर उफणणीही तिथेच होई: दाणे खाली, भुसा बाहेर.