चेहऱ्याची जखम, व्हॅक आणि दोन शब्दांचा घोळ

शोषणाने जखमेतले पाणी ओढायची कल्पना तुंबडीइतकी जुनी. वॉर्डात ज्याला ‘व्हॅक’ (व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात) म्हणतात, म्हणजे जखमेत फोम ठेवून, वरून चिकटपट्टीने हवाबंद करून यंत्राने शोषण द्यायचे, तो उपचार मात्र १९९०च्या दशकातला. आधी जर्मनीत उघड्या अस्थिभंगांवर फोम आणि शोषण वापरले गेले. १९९७मध्ये अमेरिकेतले डुकरांवरचे प्रयोग आणि रुग्णांचे अनुभव छापून आले. तिथला उणे १२५ मिमी पाऱ्याचा दाब पुढे रूढ झाला. (हवेचा दाब ७६० मिमी, म्हणजे खरे ‘निर्वात’ काही होत नाही.)

चेहरा मागे राहिला. ओठ, नाकपुडी, पापणी, दाढीचे केस, कुठेतरी चिकटपट्टी सुटते, हवा शिरते आणि यंत्र ओरडत राहते. पण खरी अडचण यंत्राच्या माहितीपत्रकातल्या एका ओळीची होती: ‘जखमेत कर्करोग असल्यास वापरू नये’. फोमखाली नव्या रक्तवाहिन्या फुटतात, जखम दाणेदार मांसाने भरते. उरलेल्या गाठीलाही तेच खाद्य मिळेल, ही भीती. ती रास्तच आहे. मात्र ‘जखमेत कर्करोग’ आणि ‘कर्करोग काढल्यावरची जखम’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि वर्षानुवर्षे तो पुसला गेला. गाठ पूर्ण निघालेली, काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ, म्हणजे कर्करोगाच्या पेशींशिवाय, तरी केवळ निदान पाहून उपचार नाकारायचा, हे माझ्या मते चूकच. किरणोपचार झालेल्या त्वचेत रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो. जखम महिनोन्महिने भरत नाही, तोंड झाकून वावरावे लागते. अशा माणसालाच मदतीची गरज जास्त. दुसऱ्या टोकाला, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांत नुसता वास आणि स्राव आवरण्यासाठी व्हॅक जाणूनबुजून लावल्याच्याही नोंदी आहेत.

२००९मध्ये अमेरिकी औषध व उपकरण नियामकाने (एफडीए) अशा यंत्रांच्या वापरातल्या सहा मृत्यूंची नोंद देत इशारा दिला, २०११मध्ये आणखी सहांची. सर्वांत गंभीर धोका रक्तस्रावाचा होता. मानेपर्यंत पोचलेल्या जखमांना हे थेट लागू पडते: किरणोपचाराने कमकुवत झालेली मोठी धमनी उघडी असेल, तर तिच्यावर फोम ठेवायचाच नाही, आधी जिवंत मांसाचा फ्लॅप फिरवून ती झाकायची.

त्यानंतर वापर नेमका होत गेला. डोक्याच्या टाळूवरचा त्वचेचा कर्करोग काढल्यावर उघडे पडलेले कवटीचे हाड वरून घासून, त्यावर व्हॅक लावून त्वचारोपणाची तयारी केली जाते. लावलेली त्वचा हलू नये म्हणूनही तोच फोम काही दिवस वर राहतो. पण कडांचा रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबायचे, यावर बहुतेकांचे एकमत आहे.