चांगलं माणूस असणं आणि नैतिक समुदायात असणं

देव न मानता माणूस सचोटीने वागू शकतो का, आणि देव न मानणाऱ्यांचा नैतिक समुदाय उभा राहू शकतो का, हे दोन प्रश्न वादात हमखास एक होऊन जातात. पहिल्याचं उत्तर सरळ ‘हो’ आहे. दया, न्याय, खरेपणा यांवर कुठल्याच धर्माचा मक्ता नाही. अवघड आहे तो दुसरा.

मूल्यं एकट्यानेही जपता येतात. समुदायात मात्र लागोपाठ दोनदा दिसलो नाही तर चौकशी होते, घरात मृत्यू झाला तर न बोलावता माणसं येतात, आणि चुकलो तर तोंडावर सांगायचा हक्क त्यांना असतो. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १९१२ मध्ये धर्माची व्याख्या केली तेव्हा तिच्यात देव ही अट नव्हतीच. पवित्र गोष्टींभोवतीच्या श्रद्धा आणि आचार माणसांना एका नैतिक समुदायात बांधतात, यावर त्याचा भर होता. म्हणून मानवतावादाची, म्हणजे देवाचा आधार न घेता माणसाच्या भल्यावर नीती उभारणाऱ्या विचाराची, खरी कसोटी आचारात लागते.

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँतने हे ओळखलं होतं. पण त्याने ‘मानवतेचा धर्म’ कागदावरच पुरा करून टाकला: पुरोहित, नऊ संस्कार, २८ दिवसांच्या तेरा महिन्यांचं कॅलेंडर. ब्राझीलमध्ये मंदिरही उभं राहिलं, तरी अनुयायी थोडेच राहिले. संस्कार आधी आखून माणसं नंतर शोधली की असंच होणार, असं मला वाटतं.

नॉर्वेत उलट घडलं. तिथे चर्चमधलं कन्फर्मेशन, म्हणजे मुलांनी आपली ख्रिस्ती श्रद्धा स्वतः पक्की करण्याचा विधी, हा पंधराव्या वर्षाच्या आसपासचा मोठा घरगुती सोहळा. चर्च नको असलेल्या घरांतल्या मुलांसाठी १९५१ मध्ये धर्मनिरपेक्ष कन्फर्मेशन सुरू झालं. मानवतावादी संघटना स्थापन झाली ती त्यानंतर, १९५६ मध्ये. मुलं वर्गात बसून नीती, मानवी हक्क, चिकित्सक विचार यांवर चर्चा करतात. मग सभागृहात समारंभ: ठेवणीतले कपडे घालून आलेले नातेवाईक, संगीत, भाषण, आणि हातात प्रमाणपत्र. आज त्या संघटनेचे सभासद लाखाच्या वर आहेत.

पण सोहळ्याला जमणं वेगळं आणि एकमेकांचा भार उचलणं वेगळं. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड सोसिसने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सामुदायिक वसाहती अभ्यासल्या. धार्मिक वसाहती सेक्युलर वसाहतींपेक्षा जास्त टिकल्या होत्या. सभासदांकडून कडक त्याग मागणाऱ्या धार्मिक वसाहती तर आणखी टिकल्या. सेक्युलर वसाहतींना मात्र त्यागाचा तसा फायदा झाला नाही. पवित्र मानलेल्या नियमाला ‘का?’ विचारलं जात नाही, हे त्यामागचं एक कारण असावं. ‘का?’ विचारायचा हक्क गहाण टाकून मानवतावादाने टिकाऊपणा मिळवावा, असं मला मुळीच वाटत नाही. त्याने मागावं ते कारण समजल्यावर पटेल असं: वेळ, पैसा, आजाऱ्याची सोबत. नेदरलँड्समध्ये तुरुंग, रुग्णालयं आणि सैन्यात धर्मगुरूंच्या बरोबरीने मानवतावादी समुपदेशक काम करतात, ही मोठीच कमाई आहे. फक्त ते पेशाचं काम आहे. सभासदाने सभासदासाठी आपणहून रात्र जागवावी, ही रीत पाडणं त्याहून कठीण आहे.