वसाहतमंत्री की वसाहत सचिव? हाँगकाँगच्या कबरींवरून एक उलगडा

हाँगकाँग ब्रिटिशांची वसाहत होतं तेव्हाचं सरकारी गॅझेट चाळताना एक पदनाम पुन्हा पुन्हा भेटतं: कलोनियल सेक्रेटरी. कुणाची नेमणूक झाली, रजेवर गेलेल्या साहेबाच्या जागी हंगामी कोण आलं, सरकारने कुठली जमीन घेतली, अशा कितीतरी सूचनांखाली त्याचं नाव. इंग्लंडच्या इतिहासात मात्र 'कलोनियल सेक्रेटरी' म्हणजे लंडनच्या मंत्रिमंडळातला बडा माणूस. मग हजारो मैलांवरच्या या किरकोळ सूचनांवर तो सह्या करत बसायचा की काय?

नाही. पदं दोन आहेत, पण इंग्रजी बोलण्यात दोघांचं नाव एकच. मराठीत हा घोळ सहज सुटतो: लंडनचा तो वसाहतमंत्री, हाँगकाँगचा तो वसाहत सचिव. मंत्री आणि सचिव यांतला फरक आपल्याला मंत्रालयामुळे वेगळा शिकवावा लागत नाही.

वसाहतमंत्री हा राजकारणी. सरकार पडलं की त्याची खुर्चीही जायची. जगभरच्या वसाहती त्याच्या हाताखाली, पण हिंदुस्थान नाही. आपल्यासाठी 'भारतमंत्री' वेगळा होता. वसाहत सचिव हा नोकरशहा. गव्हर्नरनंतरचा पहिला अधिकारी, सगळा पत्रव्यवहार त्याच्या टेबलावरून जायचा. गव्हर्नर बाहेरगावी गेला की बहुतेक वेळा कारभार त्याच्याकडेच. त्याची नेमणूक लंडनहून व्हायची, पण रोजचा हुकूम चालायचा गव्हर्नरचा. म्हणून गॅझेटात त्याच्या नावाच्या वर 'बाय कमांड' असे दोन शब्द असत: म्हणजे सही माझी, आज्ञा गव्हर्नरसाहेबांची.

घोटाळा वाढवायला तारखाही हातभार लावतात. १८८७ मध्ये लॉर्ड नट्सफर्ड लंडनमध्ये वसाहतमंत्री झाले (तेव्हा ते सर हेन्री हॉलंड होते, सरदारकी नंतर मिळाली) आणि त्याच वर्षी फ्रेडरिक स्ट्युअर्ट हाँगकाँगचे वसाहत सचिव झाले. १८९५ मध्ये पुन्हा तेच: तिकडे जोसेफ चेंबरलेन, इकडे जेम्स स्ट्युअर्ट लॉकहार्ट. साल बघून माणूस ओळखायला जाल तर हमखास फसाल. कागद लंडनहून निघालाय की हाँगकाँगहून, ते आधी बघावं.

कबरींची गोष्ट यातल्या फ्रेडरिक स्ट्युअर्टपासून सुरू होते. तो मूळचा शाळामास्तर. १८६२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी सेंट्रल स्कूलचा पहिला मुख्याध्यापक, पुढे चढत चढत सचिवपदी पोचलेला. त्याच्या कारकिर्दीत, १८८९ मध्ये, हाँगकाँगच्या वान चाय भागातल्या पहिल्या दफनभूमीतले अवशेष आणि दगड हॅपी व्हॅलीच्या कलोनियल सेमेटरीत हलवले गेले. वान चायची ती जागा १८४१ पासूनची, ब्रिटिशांचं बस्तान बसत होतं तेव्हाची. तापाने सैनिक भराभर मेले, चार वर्षांत जागा पुरेनाशी झाली आणि १८४५ मध्ये हॅपी व्हॅलीत नवी दफनभूमी उघडली. जुन्या कबरी मात्र शहर वाढून त्यांना वेढेपर्यंत तिथेच पडून होत्या. कबरींचं स्थलांतर बहुधा असंच होतं. मेलेल्यांची अडचण जमिनीचा भाव वाढल्यावरच जाणवते.

त्याच १८८९ च्या सप्टेंबरात स्ट्युअर्ट पदावर असतानाच वारला आणि हॅपी व्हॅलीतच त्याला पुरलं. शेजारीच १८५२ पासूनची पारशी दफनभूमी आहे. तिथे दोखमा (मृतदेह गिधाडांसाठी ठेवायचा मनोरा) नसल्यामुळे पारशांनी दफन स्वीकारलं; मुंबईहून गेलेले, हाँगकाँग विद्यापीठाला मोठी देणगी देणारे सर होरमसजी मोदी तिथेच आहेत. समोर घोड्यांच्या शर्यतीचं मैदान.

हॅपी व्हॅलीलाही पुढे तेच भोगावं लागलं. १९७० च्या दशकात अ‍ॅबर्डीन बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी दफनभूमीचा एक भाग गेला आणि तिथल्या अस्थी काढून अस्थिगृहात ठेवल्या. लंडनचं वसाहत खातं तोवर, १९६६ मध्येच, दुसऱ्या खात्यात विलीन झालं होतं, आणि वसाहतमंत्री हे पद त्यापाठोपाठ संपलं. त्यामुळे १९७० च्या एखाद्या कागदावर 'कलोनियल सेक्रेटरी' दिसला, तर तो हाँगकाँगचाच. तिथे ते पदनाम १९७६ पर्यंत टिकलं. मग त्याच खुर्चीला 'चीफ सेक्रेटरी' म्हणू लागले.