भानावर येण्याचा क्षण

समजा, तुम्हाला एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं बसवलं, मोबाइल काढून घेतला आणि सांगितलं, 'झोपायचं नाही, खुर्चीवरून उठायचं नाही, नुसतं आपल्या विचारांत रमायचं.' ऐकायला तर सुट्टीच वाटते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं, तेव्हा खोलीत एक बटणही ठेवलं होतं. ते दाबलं की विजेचा झोंबणारा झटका बसे. झटका कसा लागतो हे सहभागींनी आधीच अनुभवलं होतं आणि 'तो पुन्हा बसू नये म्हणून आम्ही पैसेही देऊ' असं सांगितलं होतं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ते बटण निदान एकदा दाबलं. एका गृहस्थांनी तर १९० वेळा. २०१४ साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत हा अभ्यास आला, तेव्हा अनेकांना हसू आलं. पण बसच्या थांब्यावर दोन मिनिटं उभं राहिलं की आपला हात खिशातल्या मोबाइलकडे जातोच, त्यामुळे फार हसण्यात अर्थ नाही.

आपलं मन किती वेळ जागेवर असतं, याची मोजणी त्याआधी, २०१० मध्ये झाली होती. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी एका ॲपच्या मदतीने २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित गाठून विचारलं: आत्ता काय करताय? मनात हेच चाललंय की दुसरं काही? आणि वाटतंय कसं? जवळपास ४७ टक्के वेळा उत्तर आलं, की मन दुसरीकडे आहे. प्रणयाचा एक अपवाद सोडला, तर प्रत्येक कामात निदान तीस टक्के वेळा माणसं मनाने तिथे नव्हती.

या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र ही टक्केवारी नाही. मन भरकटलेलं असताना लोक सरासरीने कमी आनंदी होते. त्यातही अप्रिय विचारांत गुंतलेले सर्वांत दुःखी, हे अपेक्षितच. पण गोड कल्पनांत रमलेली माणसंसुद्धा हातातल्या कामात लक्ष असलेल्यांपेक्षा जास्त सुखी नव्हती. शिवाय आधी-नंतरचा क्रम तपासला, तेव्हा उदास होते म्हणून मन भरकटलं असं न दिसता, आधी भरकटलं आणि मग उदासी आली, असा कल दिसला.

मग निसर्गाने असं भटकं मन दिलंच कशाला? याचं उत्तर थोडंसं अपघाताने मिळालं. सेंट लुईसमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस रायकल मेंदूची चित्रं घेत असत. एखादं काम करताना मेंदूचा कोणता भाग जास्त सक्रिय होतो, हे पाहायचं तर तुलनेसाठी माणूस नुसता पडून असतानाचं चित्रही लागतं. त्यात एक विचित्र गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. काम सुरू झालं की काही भाग मंदावायचे आणि माणूस स्वस्थ पडला की तेच भाग कामाला लागायचे. कपाळामागचा मधला भाग आणि मेंदूच्या मागच्या बाजूला आत दडलेला एक पट्टा ही त्यांतली मुख्य ठिकाणं. २००१ मध्ये रायकल यांनी मेंदूच्या या मूळ स्थितीबद्दल लिहिलं आणि या भागांचं जाळं पुढे 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू एकूण ऊर्जेतली वीस टक्के खातो. आपण लक्ष देऊन एखादं काम करू लागलो, तर त्या खर्चात जेमतेम पाच टक्क्यांची भर पडते. म्हणजे बाकीचा कारखाना आपण 'काहीच करत नाही' तेव्हाही चालूच असतो.

हे जाळं फालतू नाही. कालची आठवण, उद्याचा बेत, 'तिने तसं का म्हटलं असेल' हा तर्क, 'मी कोण' ही स्वतःबद्दलची गोष्ट, हे सगळं इथेच विणलं जातं. भरकटलेलं मन बऱ्याचदा पुढच्या कामांची आखणी करत असतं. भाजी चिरताना मुलीच्या परीक्षेची तारीख आठवली, तर ते उपयोगाचंच. कटकट सुरू होते ती एकाच विचाराचं रवंथ सुरू झालं की. ऑफिसमधलं एक वाक्य सकाळपासून रात्रीपर्यंत घोळत राहतं आणि प्रत्येक फेरीत जास्त कडू होतं. नैराश्यातल्या अशा घोळणाऱ्या विचारांशी या जाळ्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

तेव्हा 'वर्तमानात राहा' या सल्ल्याचा अर्थ मन बांधून ठेवा असा घेतला, तर हार ठरलेली. ध्यानात मुरलेल्या माणसांचंही मन भटकतं. मग ती वेगळं करतात तरी काय? अटलांटाच्या एमरी विद्यापीठात वेंडी हासेनकॅम्प यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे कामाला येतो. ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना त्यांनी मेंदूची हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मन भरकटल्याचं ध्यानात आलं की बटण दाबायचं आणि पुन्हा श्वासाकडे यायचं, एवढीच अट. (या बटणाने झटका बसत नव्हता.) त्या बटणाच्या आगेमागे मेंदूत काय घडतं, हे पाहिल्यावर एक फेरा दिसला. भटकंतीच्या वेळी डिफॉल्ट जाळं जागं. 'अरे, मी भलतीकडेच गेलो' हे उमगतं त्या क्षणी वेगळंच जाळं पेटतं. महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय, याची दखल घेणारं. त्यानंतर लक्ष वळवणारे भाग पुढे येतात आणि मन श्वासाशी परततं. थोड्या वेळाने पुन्हा तोच फेरा.

ध्यानाला बसलेल्या नवख्या माणसाला भान आलं की अपराधी वाटतं: 'जमत नाही आपल्याला.' प्रत्यक्षात भानावर येणं हाच सरावाचा गाभा आहे. वीस मिनिटांत मन तीस वेळा निसटलं आणि तीस वेळा परत आलं, तर सराव भरपूर झाला.

आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले काही दिवस हेच चालतं. नाकपुडीजवळचा येता-जाता श्वास पाहायचा; मन गेलं की न चिडता परत आणायचं. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशातून आणलेली ही पद्धत १९७६ पासून तिथे शिकवली जाते. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट वेदनांनी हैराण झालेल्या रुग्णांसाठी अशाच सरावाचा, पुढे आठ आठवड्यांचा झालेला, धार्मिक चौकटीबाहेरचा कार्यक्रम सुरू केला. आज 'माइंडफुलनेस' नावाने जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं तिथून फुटलेलं आहे.

'विकलं जातं' हे मुद्दाम म्हटलं. आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते, असा दावा जाहिरातींत अजून दिसतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने दोनशेहून जास्त लोकांवर नेटकी चाचणी घेतली, तेव्हा असा रचनाबदल आढळला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांवर मुलांना वर्गात माइंडफुलनेस शिकवून पाहिलं. नेहमीच्या शिकवणीपेक्षा मुलांचं मन अधिक निरोगी झालं नाही. दुसऱ्या बाजूला, २०१४ मध्ये ध्यानाच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा चिंता आणि नैराश्य यांत लहान ते मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला होता. माझ्या मते एवढं पुरेसं आहे. अवाजवी दाव्यांची गरज ज्यांना माल खपवायचा आहे त्यांना.

भावनांच्या बाबतीत एक साधी युक्ती मला जास्त भरवशाची वाटते: जे वाटतंय त्याला नाव देणं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला, तेव्हा धोक्याची वर्दी देणाऱ्या अमिग्डाला या मेंदूतल्या भागाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागचा उजवा भाग सक्रिय झाला. 'हा माझा राग नाही, सासूबाईंच्या तपासणीचा रिपोर्ट काय येईल याची धास्ती आहे' असं मनातल्या मनात ओळखलं, तर निदान समोरच्या पोरावर ओरडणं टळतं. सगळ्याला सरसकट 'टेन्शन' म्हणून ही सोय होत नाही.

दुसरी युक्ती श्वासाची. इटलीत लुचियानो बर्नार्डी यांनी २३ निरोगी माणसांना कॅथलिक जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय त्याच्याशी जुळली. २००१ मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं. श्वास सावकाश सोडताना व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि ठोके मंदावतात, म्हणून हे घडतं. श्रद्धा असो-नसो, मिनिटाला सहा श्वास कुणालाही मोजता येतात, लोकलमध्ये उभ्या उभ्यासुद्धा.

मात्र डोळे मिटून आत पाहणं प्रत्येकाला मानवत नाही. मोठा आघात सोसलेल्या काहींना शांत बसल्यावर त्याच आठवणी उसळून येतात. त्यांनी उघड्या डोळ्यांनी, चालताना पावलांकडे लक्ष देणं बरं, तेही जाणकाराच्या मदतीने. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हा श्वासांचा विषय राहत नाही. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. फोन केल्यावर मराठीतही बोलता येतं.