स्ट्रिप कनू (लाकडी पट्ट्यांची होडी) आणि तिचं वल्हं

साधारण ६ मिमी जाड आणि १९ मिमी रुंद अशा लांबच लांब लाकडी पट्ट्या फर्म्यांवर (होडीच्या आडव्या छेदाच्या आकाराचे साचे) एकीला एक चिकटवत बांधलेली, मग आतून-बाहेरून फायबरग्लासचं (काचतंतूंचं) कापड इपॉक्सीत (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन) बसवून बंद केलेली, दोन्ही टोकं निमुळती असलेली हलकी होडी. १६ फुटी असली तर वजन २० ते २७ किलो, म्हणजे एकटा माणूस उलटी करून खांद्यावर घेऊन चालू शकतो, आणि एवढा खटाटोप त्यासाठीच असतो. कनू आणि कयाक लोक सर्रास एकच समजतात, पण कनूच्या वल्ह्याला पातं एकाच टोकाला, कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपासून दोन्हींच्या शर्यती वेगवेगळ्या होतात.

नाव : ‘कनू’ मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या अरावाक भाषांमधला, स्पॅनिशमधल्या ‘कनोआ’वरून पुढे युरोपभर गेला, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो आपल्या ‘डोंगा’ शब्दावर. भंडारा-गडचिरोलीकडे वैनगंगेवर नावेला आजही डोंगाच म्हणतात, आणि इंग्रजीतली ‘डिंगी’ही आपल्याकडच्या डोंगी-डिंगीवरूनच गेलेली. आता डोंगा आला कुठून? एक मत असं की संस्कृत द्रोण किंवा द्रोणी म्हणजे कोरलेलं लाकडी भांडं, त्यावरून. पळसाच्या पानाचा द्रोण आणि गुरांना पाणी पाजायची डोण त्याच घरातले, म्हणून हे मत पटकन पटतं. पण टर्नर यांच्या इंडो-आर्यन भाषांच्या तौलनिक कोशात डोंगा वेगळ्या कल्पित मूळ रूपाखाली आहे, द्रोणाखाली नाही. हे जास्त सावध वाटतं, कारण द्रोणाचं डोण होणं सरळ आहे पण मधला ‘ंग’ कुठून आला ते पहिल्या मतात सांगता येत नाही. अर्थाने मात्र दोन्हीकडे कोरलेलं लाकूडच आहे, जोडलेलं नाही, हे इथं महत्त्वाचं.

उगम : इथं जरा थांबावं लागतं कारण ‘स्ट्रिप कनू कोणी काढली’ याची दोन उत्तरं चालतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिलं उत्तर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं पीटरबरो आणि शेजारचं लेकफील्ड. तिथं १८५० च्या दशकात, बहुधा उत्तरार्धात, पातळ फळ्यांची कनू बांधायला लागले. श्रेय कोणी जॉन स्टीफन्सनला देतं तर कोणी थॉमस गॉर्डनला, १८५७ साल बऱ्याचदा छापलेलं दिसतं पण ते ‘सुमारे’ म्हणूनच घ्यावं. कागदावर पक्कं म्हणावं असं पुढचं आहे : स्टीफन्सनचं सीडर-रिब पद्धतीचं पेटंट १८७९ चं, ज्यात अरुंद पट्ट्या कडेला कड अडकवून लावल्या होत्या, पण लांबीत नाही तर होडीच्या आडव्या घेरात. दुसरं उत्तर अमेरिकेतल्या मिनेसोटाचं, जिथं १९५० ते ६० च्या सुमाराला लांब पल्ल्याच्या शर्यतीवाले लोक आतल्या फासळ्या काढून टाकून पट्ट्यांच्या सालीला (होडीच्या पातळ कवचाला) दोन्ही बाजूंनी फायबरग्लास लावायला लागले. मग १९७० च्या सुमाराला मिशिगनमधल्या गूजन बंधूंनी लाकूड आणि इपॉक्सीची जोडी नीट बसवली आणि हे काम घरच्या शेडमध्ये होण्यासारखं झालं.

आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे. पीटरबरोच्या होडीत जोर लाकडाचा होता, फासळ्या आणि खिळे होते. आजच्या स्ट्रिप कनूत जोर काचेच्या दोन थरांचा आहे आणि लाकूड त्या दोन थरांना एकमेकांपासून ६ मिमी लांब धरून ठेवायचं काम करतं. म्हणजे रचना बघितली तर ती लाकडी होडी कमी आणि सँडविच जास्त. हे सुतारकाम येणाऱ्या माणसाला सांगितलं तर त्याला राग येतो, पण लाकूड कोणतं घ्यावं याचं उत्तर यातूनच निघतं.

लाकूड : राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’त (ग्रंथ अकराव्या शतकातला धरतात, काही भाग नंतरचा असू शकतो) नौकेच्या लाकडाचे चार प्रकार वर्णांच्या नावांनी दिलेत. हलकं-मऊ, हलकं-कठीण, जड-मऊ, जड-कठीण. यातलं हलकं पण कठीण ते उत्तम, आणि वेगवेगळ्या जातींची लाकडं एका नावेत मिसळू नयेत असं तो सांगतो. तळाच्या फळ्यांना लोखंड वापरू नका असंही सांगतो, कारण देतो समुद्रातल्या चुंबकी खडकांचं. आज पट्ट्या फर्म्याला स्टेपलने ठोकणारे आणि स्टेपलशिवाय नुसत्या क्लॅम्पवर बांधणारे असे दोन गट आहेत, त्यात दुसऱ्या गटाचं मुख्य कारण व्हार्निशखालून दिसत राहणारी स्टेपलची भोकं हे आहे. निष्कर्ष तोच, खडक नाहीत एवढंच. भोजाचा मिसळू नका हा सल्ला मात्र आता कोणी पाळत नाही, शोभेसाठी गडद लाकडाची एखादी पट्टी घालतातच.

बाहेरच्या पुस्तकांत सगळीकडे ‘वेस्टर्न रेड सीडर’ लिहिलेलं असतं आणि नागपूरचा माणूस ते वाचून देवदार शोधायला निघतो. सीडर नावाने फसू नये. वेस्टर्न रेड सीडर म्हणजे थुजा, घनता साधारण ३७० किलो प्रति घनमीटर, आणि आपला देवदार हा खरा सीडर पण ५५० च्या आसपास. सागवान ६५० च्या घरात. हिशेब असा की १६ फुटी होडीच्या सालीचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटरच्या थोडं वर, ६ मिमी जाडीने थुजाचं लाकूड १२ किलोच्या आत येतं आणि सागाचं २० किलोच्या वर जातं. लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, सीपी टीक (जुन्या मध्य प्रांताच्या नावाने विकला जाणारा साग) डोळ्यासमोर रचलेलं असतं, आलापल्ली-बल्लारशाचं नाव सांगतात, मोह होतो. पण लाकूड जर फक्त मधलं भरण असेल तर हे ९ किलो कशाला वाहायचे? सागच हवा असेल तर पट्टी ५ मिमीवर आणावी आणि चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसावी, तेलकट लाकूड आहे ते. शिवण हे लाकूड ५०० च्या आसपास बसतं आणि आकार सोडत नाही म्हणून मधला रस्ता म्हणून बरं. काटेसावर हलकी खरी पण बुरशी आणि किडे फार लवकर धरते.

आरा मशीनवाल्याला ६ मिमीची पट्टी मागितली की तो आधी दोनदा विचारतो. त्याचंही बरोबर आहे, पातं ३ मिमी खाणार असेल तर दर पट्टीमागे ९ मिमी जातं, म्हणजे विकत घेतलेल्या लाकडाचा तिसरा हिस्सा भुसा. बँडसॉवर (पातळ पट्टीच्या पात्याच्या करवतीवर) त्याच्या निम्म्याहून कमी वाया जातं. आणि १७ फूट सलग लाकूड मिळत नाही तेव्हा ८ फुटी पट्ट्या तिरप्या सांध्याने जोडतात, तिरकस कापाची लांबी जाडीच्या ८ पट, म्हणजे जवळपास ५ सेंमी.

बांधणी : फर्मे प्लायवूडचे, दर फुटावर एक, खाली सरळ पाया-चौकट, सगळे दोरीने आणि ओळंब्याने एका रेषेत. पट्टीच्या एका कडेला गोलाई आणि दुसरीला पन्हळ राऊटरने (कड कोरायच्या यंत्राने) काढतात म्हणजे वळणावर फट दिसत नाही. पन्हळीची कड वर ठेवायची, डिंक तिच्यात थांबतो. पुढे रंधा, मग काचपेपर. याचं वर्णन सगळीकडे मिळतं.

नागपूरची हवा : जे मिळत नाही ते हे. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश झालं होतं, पण त्रास नुसत्या तापमानाचा नाही. मे महिन्यात हवेतला ओलावा २० टक्क्यांखाली जातो तेव्हा लाकडात ४-५ टक्के पाणी उरतं, आणि जुलैत हवा ८०-८५ टक्क्यांवर गेली की तेच लाकूड १६ टक्क्यांवर जातं. मेमध्ये चढवलेली साल कापड न लावता पावसाळ्यात तशीच फर्म्यावर राहिली तर सव्वा मीटर घेरात १ ते २ सेंटीमीटर फुगू शकते आणि मग ती फर्मा सोडून उचलली जाते. म्हणून पट्ट्या आणि ग्लास एकाच मोसमात संपवावं, तो मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

इपॉक्सीचा हिशेब सोपा आहे, दर १० अंशांना वेळ निम्मा. २५ अंशांना २५ मिनिटं चालणारं मिश्रण ४५ ला ६-७ मिनिटांत जातं, तेही मगमध्ये ठेवलं तर त्याहून आधी. या नोंदकर्त्याने एप्रिलच्या एका दुपारी प्लास्टिकच्या मगमध्ये अर्धा लिटर कालवलं होतं, ब्रश शोधेपर्यंत मग मऊ पडला, धूर निघाला आणि आत पिवळसर दगड झाला, तो अजून दार अडवायला कामी येतो. थोडं थोडं कालवून लगेच पसरट थाळीत ओतलं की उष्णता निघून जाते. कापड संध्याकाळी लावावं, तापमान उतरत असताना, कारण सकाळी लाकूड तापत जातं आणि आतली हवा बुडबुडे होऊन रेझिनमध्ये येते. आणि कूलर बंद! कूलरच्या ओल्या हवेने इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. कूलरच्या टाक्या दुरुस्त करणारे फायबरवाले गल्लोगल्ली आहेत, पण त्यांच्याकडचं मॅट (न विणलेले काचतंतू) आणि पॉलिएस्टर रेझिन हे वेगळं प्रकरण, लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही. इथं लागतं ते २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं विणलेलं कापड. पांढरं कापड भिजलं की दिसेनासं होतं कारण काच आणि इपॉक्सी दोन्हींचा अपवर्तनांक १.५५ च्या जवळपास, आणि खालचं लाकूड ओल्यासारखं गडद उठून येतं. हातमोजे घालावे, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की जात नाही. ऊन इपॉक्सीला खातं म्हणून वरून यूव्हीवालं व्हार्निश लागतंच.

मधल्या आडव्या दांडीला, जी खांद्यावर येते, इंग्रजीत बैलाच्या जूचंच नाव आहे, आपणही जूच म्हणावं. पाण्यात उतरवायला रामटेकजवळचं खिंडसी तलाव बरं, परवानगी विचारून आणि लाइफ जॅकेट घालून.

वल्हं : खुर्चीवर ताठ बसून बैठकीपासून नाकापर्यंतचं अंतर ही दांड्याची लांबी, पातं वेगळं धरायचं. दांडा २८-३० मिमी, पातं २० सेंमीच्या आसपास रुंद आणि कडेला ५-६ मिमीवर आणलेलं. इथं मात्र हलकेपणापेक्षा लवचीकपणा जास्त हवा आणि आपल्या जंगलात त्यासाठी धामण आहे, कुऱ्हाडीचे दांडे आणि वल्ही तिचीच करत आलेत. जड असते म्हणून दांड्याच्या गाभ्यात एक पट्टी धामणीची आणि दोन्ही बाजूंना शिवण असं चिकटवलं की काम भागतं. मूठ व्हार्निश न करता ठेवतात, नाहीतर तासाभरात फोड येतात. तिला उकळलेलं जवसाचं तेल दोन-तीन हात चोळावं. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, सुकताना ती आपोआप तापते आणि पेट घेते, मेमध्ये तर विचारायलाच नको. दोरीवर पसरून वाळवायची नाहीतर बादलीत बुडवून ठेवायची.