अद्भुत

अद्भुत : नेहमीच्या अनुभवात न बसणाऱ्या आणि पाहणाऱ्याला विस्मयात टाकणाऱ्या गोष्टींसाठी वापरला जाणारा संस्कृत शब्द. मराठीत तो तत्सम, म्हणजे संस्कृतातल्याच, रूपात रूढ आहे. साहित्यशास्त्रात ते एका रसाचे, म्हणजे काव्य-नाट्यातून येणाऱ्या भावास्वादाच्या एका प्रकाराचे, नाव आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. ऋग्वेदातील (१.१७०.१) प्रयोगाचे विवरण करताना वैदिक शब्दांचा प्राचीन भाष्यकार यास्क याने ‘अभूतमिव’, म्हणजे जणू पूर्वी न झालेले, असा अर्थ दिला, उणादिसूत्रांतही (शब्दांची व्युत्पत्ती सांगणारी व्याकरणसूत्रे) हा शब्द ‘भू’ (होणे) धातूपासूनच साधला आहे. काही आधुनिक भाषाभ्यासक मात्र तो ‘दभ्’ (फसवणे) या धातूशी जोडून ‘ज्याला फसवता येत नाही असा’ हा मूळ अर्थ मानतात. देवतांच्या विशेषणाला हा अर्थ चांगला जुळतो, परंतु यास्काने विवरिलेल्या ऋचेत तो ओढूनताणून बसवावा लागतो.

‘आश्चर्य’ शब्दाची सिद्धी सांगताना व्याकरणकार पाणिनीने (६.१.१४७) ‘अनित्य’, म्हणजे नेहमी न आढळणारे, असा अर्थ नोंदवला. त्या जागी ‘अद्भुत’ म्हणावे, अशी दुरुस्ती वार्तिकात (पाणिनीच्या सूत्रांवरील पूरक टीपेत) आली आणि तिचे कारण पतंजलीने महाभाष्य या आपल्या व्याकरणभाष्यात उदाहरणांनी दाखवले : झाडाची उंची, आकाशाची निळाई, अंतरिक्षात कशानेही न बांधलेली नक्षत्रे खाली न पडणे. या गोष्टी रोजच्या असूनही आश्चर्यकारक आहेत. म्हणजेच दुर्मिळता ही अद्भुताची आवश्यक अट ठरत नाही. या संकल्पनेच्या इतिहासात ही चर्चा विशेष मोलाची मानावी लागेल.

दुसऱ्या एका परंपरेत हा शब्द अशुभसूचक उत्पातांसाठी येतो. षड्विंश ब्राह्मण या सामवेदाच्या ग्रंथाचा उत्पात व त्यांच्या शांती सांगणारा अखेरचा भाग ‘अद्भुत ब्राह्मण’ म्हणून ओळखला जातो. बाराव्या शतकात बंगालचा राजा बल्लाळसेन याने आरंभिलेला अद्भुतसागर हा ग्रंथही याच विषयावर आहे.

साधारणपणे इ.स.पू. २०० ते इ.स. २०० या काळातील मानल्या जाणाऱ्या नाट्यशास्त्रात अद्भुत हा आठ रसांपैकी एक असून त्याचा स्थायिभाव (रसाच्या मुळाशी असलेला स्थिर भाव) विस्मय, वर्ण पीत व देवता ब्रह्मा आहे. वीरापासून त्याची उत्पत्ती सांगितली आहे. डोळे विस्फारणे, पापणी न लवता पाहणे, रोमांच, ‘साधु साधु’ असे उद्गार, इतकेच नव्हे तर वस्त्र व बोटे फिरवणे, हेही त्याचे अनुभाव, म्हणजे भाव प्रकट करणाऱ्या बाह्य खुणा, होत. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने (चौदावे शतक) मात्र गंधर्व ही देवता दिली आहे. सर्व रसांचे सार चमत्कार (आस्वादात मनाचे थक्क होणे) असल्याने सर्वत्र अद्भुत हाच रस आहे, हे आपले पूर्वज नारायण यांचे मतही तो उद्धृत करतो. ते आकर्षक असले तरी प्रत्येक रसास्वादातील चमत्कार आणि विस्मय हा स्वतंत्र स्थायिभाव यांतील भेद त्यात पुसला जातो.

मराठीत ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) अकराव्या अध्यायाच्या आरंभी, शांतरसाच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे, असे विश्वरूपदर्शनाचे वर्णन येते. अर्वाचीन काळात ‘अद्भुतरम्य’ ही संज्ञा मुक्तामाला (१८६१) सारख्या आरंभीच्या कादंबऱ्यांना लावली जाते.