चंद्रावर एक किलो साखर किती भरेल?

मुलांनो, वाण्याच्या तागडीत एका पारड्यात एक किलोचं माप ठेवलं, दुसऱ्यात साखर. दांडी सरळ झाली. हीच तागडी चंद्रावर नेली तर? तिथेही दांडी सरळच राहील. पण तीच साखर पिशवीत भरून ताणकाट्याला टांगली, तर इथे एक किलो दाखवणारा काटा चंद्रावर 165 ग्रॅमच्या आसपास थांबेल. साखरेचा दाणाही सांडलेला नसताना!

साखरेत द्रव्य किती, म्हणजे तिचं वस्तुमान, ते कुठेही गेलं तरी बदलत नाही. चंद्र किंवा पृथ्वी तिला किती जोरानं खाली ओढते, ते तिचं वजन. ताणकाट्याची स्प्रिंग ही ओढ मोजते. तागडीत मात्र साखर आणि माप दोघांवरची ओढ सारखीच कमी होते, म्हणून दांडी हलत नाही.

आता यातला खरा गमतीचा भाग. चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या साधारण 81 व्या भागाइतकंच आहे. मग ओढही 81 पट कमी का नाही? कारण ती अंतरावरही अवलंबून असते. पृथ्वीवर आपण तिच्या केंद्रापासून सुमारे 6370 किलोमीटरवर उभे असतो, चंद्रावर मात्र त्याच्या केंद्रापासून फक्त 1740 किलोमीटरवर. इतकं जवळ गेल्यामुळे ओढ वाढते आणि हिशेब सहाव्या भागाच्या जवळपास येतो. ‘चंद्र लहान, म्हणून वजन कमी’ एवढं सांगून थांबणं मला अपुरं वाटतं.

अपोलो मोहिमांतल्या चांद्रवीरांना जड पोशाख तिथे हलका वाटायचा, पण चालता चालता पटकन थांबणं जमत नसे. वजन घटलं होतं, वस्तुमान तेवढंच होतं. आणि थांबवताना जोर लावावा लागतो तो वस्तुमानाला.

पृथ्वीपासून सुमारे 400 किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, हा समज चुकीचा आहे. जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के ओढ तिथेही असते. पण स्थानक आणि आतली माणसं पृथ्वीभोवती फिरताना एकत्रच पडत असतात, त्यामुळे काट्यावर भार येत नाही. तागडीही तिथे निरुपयोगी. मग अंतराळवीर स्वतःचं वस्तुमान मोजतात कसं? 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी स्थानकावर त्यासाठी स्प्रिंगवर हेलकावणारी खुर्ची होती. अंतराळवीर तिच्यात स्वतःला बांधून घ्यायचा, खुर्ची मागेपुढे झुलायची आणि एका हेलकाव्याला लागणारा वेळ मोजला जायचा. वस्तुमान जितकं जास्त, तितका हेलकावा संथ.